सहा खुंट्यांची फळी घेऊन मुरगूड, शिरोळ, पेठ वडगाव

मी आजवर स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू: भंगारातून उभा केलेला एक लेथ, अजून चालतो. आईसाठी शेवयांचं यंत्र, पितळी जाळीचं. शेजारच्या गोठ्यासाठी कडबाकुट्टी. थोरलीचं अभ्यासाचं टेबल, तिच्या उंचीबरोबर वाढणारं. मोटरसायकलच्या डाव्या अंगाला चार बोल्टवर बसणारी पेटी, दोन फूट बाय दीड बाय एक, पावसात आत थेंब जात नाही. आणि सहा खुंट्यांची फळी.

नववीत शाळा सुटली. पुढचं सगळं बघून, मोडून आणि परत जोडून शिकलो. ही फळी पेटीत घालून गेल्या हिवाळ्यात तीन दिवस जिल्ह्यात फिरलो, त्याची ही हकिकत. वाटेतले रस्ते, खाणं आणि खर्च सांगतोच, पण आधी फळी कशाला लागली ते सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, हा माणूस लाकूड घेऊन का फिरत होता.

आम्हा छोट्या वर्कशॉपवाल्यांची जिल्ह्यात एक संस्था आहे. लेथवाले, वेल्डिंगवाले, मोटर भरणारे असे सव्वाशेच्या आत सभासद, आणि संचालक तीन. जुनी पद्धत म्हणजे प्रत्येकानं तीन शिक्के मारायचे. शहरात सभासद जास्त, त्यामुळं तिन्ही खुर्च्या दरवेळी शहराच्या. मधल्या खुर्चीत बापू, आमच्या उद्यमनगरातला माणूस, तोंडानं फटकळ आणि डोक्यानं चलाख. गेल्या सभेत बाहेरगावच्यांनी गलका केला. तेव्हा सभासदांच्या मुलांना एकेकाळी गणित शिकवलेले, आता निवृत्त झालेले सर उठले आणि त्यांनी पसंतीक्रमाची पद्धत मांडली. बापू म्हणाले, "करून बघू की एकदा. पण बाहेरच्या एकालाबी जागा मिळाली न्हाय, तर परत जुनंच. मग कुणी बोंबलायचं न्हाय."

पद्धत सोपी आहे. चिठ्ठीवर सहा नावं. आवडत्यापुढं १, त्याच्यानंतरच्यापुढं २, मग ३. समजा एकशेवीस मतं पडली. जागा तीन, त्यात एक मिळवून चार. एकशेवीसला चारानं भागलं की तीस, वर एक. एकतीस मतं ज्याची झाली तो निवडून आला. ज्याला सगळ्यात कमी, तो बाद. पण त्याच्या चिठ्ठ्या फेकत नाहीत, प्रत्येक चिठ्ठी तिच्यावर ज्याच्यापुढं २ आहे त्याच्याकडं जाते. एकतीसच्या वरची मतंसुद्धा अशीच पुढं सरकतात. आणि शेवटी जागांएवढेच उरले, तर ते एकतीस न होताही निवडून येतात.

हे मला सरांनी दिलेली पुस्तिका तीनदा वाचून कळलं. सरांना म्हणालो, कागदावर हे कुणाला कळणार नाही, हाताला कळलं पाहिजे. आठ दिवसांत फळी केली. सागवानी, पावणेदोन फूट लांब, सहा खुंट्या, प्रत्येक उमेदवाराची एक. मत म्हणजे भोक पाडलेली पत्र्याची चकती, तिच्यावर खडूनं पसंती लिहायची. उमेदवार बाद झाला की त्याच्या चकत्या काढून दुसऱ्या पसंतीच्या खुंटीवर अडकवायच्या. आणि पुढची पसंती लिहिलेलीच नसेल, तर ती चकती खाली ठेवलेल्या बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकायची. टण्.

सर निवडणूक अधिकारी, मी त्यांचा मोजणीचा माणूस. त्यांनी एकच ताकीद दिली, "मत कसं द्यायचं ते शिकवा. कुणाला द्यायचं, ते तोंडातून निघता कामा नये."

पहिला दिवस, मुरगूड. सकाळी सातला निघालो. टाकी भरली, चारशे वीस रुपये. कागलपर्यंत हायवे, पुढं उजवीकडं आत. रस्ता चांगला आहे, पण उसाच्या हंगामात जाणार असाल तर एक ध्यानात ठेवा: दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला ओलांडताना पुढं बघण्याआधी मागची ट्रॉली किती झुलतेय ते बघा. ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला असतो. माझ्या पेटीला एक ओरखडा पडला, तो घरी येऊन घासला.

मुरगुडात आण्णांच्या वेल्डिंगच्या दुकानासमोर माणसं जमली होती. आण्णा तिथले उमेदवार. गडी जाडजूड, आवाज त्याहून जाड.

"या पावणं," म्हणाले. "हे काय आणलाय, पाट की चौरंग?"

मी फळी मांडली. उमेदवारांची नावं घ्यायची नाहीत म्हणून खुंट्यांवर खाण्याचे पदार्थ लिहिले होते. म्हणालो, आता नाष्टा कशाचा मागवायचा ते ह्या पद्धतीनं ठरवू, पैसे सगळ्यांनी मिळून. बाराजण होते. चौघांनी चिवडा लिहिला, तिघांनी भजी, तिघांनी मिसळ, दोघांनी वडा. आणि चिवडावाले सोडले तर सगळ्यांनी १ लिहून बाकी कोरं सोडलं.

"दुसरी का नाही लिहिली?" विचारलं.

"सोसायटीत काय करतोय मग आम्ही?" कोपऱ्यातला एक लेथवाला म्हणाला. "आपल्या माणसाला एक शिक्का मारायचा आनि बाकी कोरं ठेवायचं. दुसऱ्याला शिक्का दिला की त्यो आपल्याच माणसाच्या उरावर बसतोय."

हेच ते. आमच्याकडं सोसायटी, दूध संघ, कारखाना, सगळीकडं मतदार ह्याच शाळेत शिकलेला. तीन शिक्क्यांच्या पद्धतीत ते शहाणपण खरंच आहे, दुसऱ्याला दिलेला शिक्का तुमच्या माणसाला नडतो. पण इथं पहिली पसंती जिवंत आहे तोवर दुसरीला कुणी हात लावत नाही. हे बोलून पटत नाही. मी वडा बाद केला. दोन चकत्या डब्यात, टण्, टण्. मग भजी आणि मिसळ बरोबरीत, चिठ्ठी काढली, मिसळ बाद. टण्, टण्, टण्. मग भजीही. राहिला चिवडा, ज्याचं नाव आठजणांनी घेतलं नव्हतं.

"म्हंजे मिसळवाल्यांनी दोन नंबर भज्याला दिला असता तर?" आण्णांनी विचारलं.

"भज्यांची सहा झाली असती. चिवडा घरी गेला असता."

बाराजणांनी गुमान कोरडा चिवडा खाल्ला. लेथवाला शेवटचा घास गिळून म्हणाला, "त्या डब्याचा आवाज लय वंगाळ हाय." मला वाटलं, फळी पास झाली. मी संस्थेनं शिकवणीसाठी दिलेल्या पैशातून सगळ्यांना मिसळ सांगितली, ऐंशी रुपये ताट. रस्सा झणझणीत, पाव ताजे. मुक्काम कागलला, खोली सातशे, पाणी गरम, चादरीविषयी बोलत नाही.

दुसरा दिवस. कागल, हुपरी, इचलकरंजी करत शिरोळ. हुपरीच्या पुढं दोन ठिकाणी खड्डे आहेत, बाकी मक्खन. शिरोळजवळ आलं की दोन्ही बाजूंनी ऊस आणि हवेत मळीचा वास. घरांच्या भिंतींवर पुराच्या पाण्याच्या रेघा अजून आहेत. काहींनी रंग देताना रेघ मुद्दाम ठेवलीय, शेजारी साल घालून.

इथल्या उमेदवार सुरेखाताई. नवरा गेल्यावर त्याचं मोटर भरायचं दुकान त्यांनी चालू ठेवलं, आणि आता आसपासच्या गावांतल्या जळालेल्या मोटरी तारेनं भरून त्याच देतात. हाताला वार्निशचा वास, बोलणं सरळ. पूर ओसरला की नदीकाठच्या पंपांच्या सगळ्या मोटरी एकदम दारात येतात, चिखलानं भरलेल्या. त्या वाळवायला मोठी भट्टी लागते, बंद, सगळीकडून सारखी ऊब देणारी. संस्थेची भट्टी आहे शहरात, आणि पुरात शहराचा रस्ताच बंद असतो. तोवर पाण्याविना रोपं जातात. सुरेखाताई संचालक व्हायला निघाल्या त्या एवढ्याच कामासाठी: दुसरी भट्टी शिरोळला यावी.

त्यांनी सध्याची सोय दाखवली. पत्र्याचा पिंप, आत दोनशे वॅटचे सहा बल्ब, मधे मोटर, वर पोतं.

"वरची बाजू भाजती, खालची वलीच ऱ्हाती," त्या म्हणाल्या. "दोन दिवसानी उलटी करायची. भाकरीगत."

मी वितीनं मोजून बघितलं. हवा खालून घेऊन वर फिरवली, दोन पत्र्यांच्या मधे ऊब धरणारी काचलोकर भरली, दार फिरत्या बिजागरीवर घेतलं, तर एका वेळी आठ मोटरी बसतील. चहाच्या बिलामागं आकृती काढली आणि खिशात घातली. हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोला. एवढ्या वर्षांत भट्टी कधी केली नव्हती.

शिरोळची माणसं मुरगूडपेक्षा पुढची निघाली. डब्याचा आवाज त्यांना दोनदाच ऐकवावा लागला. पण मग एकजण गणित मांडायला लागला, "ताईंची ईस मतं तर गावातच हायत. पक्की सीट. मग आपण चारजणांनी एक नंबर मुरगूडच्या आण्णाला द्यायचा, उपकार ऱ्हातील."

"वीस म्हणजे एकतीस नव्हे," मी म्हणालो, आणि फळीवर करून दाखवलं. चार चकत्या हलवल्या की शिरोळची खुंटी सोळावर येते आणि मुरगूडच्या आधी तीच बाद होते. उपकार करायचाच असेल तर दोन नंबरानं करा, त्याला काही पडत नाही. गणितवाल्यानं चारी चकत्या स्वतःच परत शिरोळच्या खुंटीवर अडकवल्या.

सगळे गेल्यावर सुरेखाताईंनी मला थांबवलं.

"मिस्त्री, काल मुरगूडला गेलतासा. त्यास्नी सांगितलासा का, दोन नंबर शिरोळला द्या म्हणून?"

"नाही."

"मग उद्या वडगावात तरी सांगा. तिथं चौदा मतं हायत. त्यांचा माणूस काय येत न्हाय, त्यालाबी ठावं हाय."

"ताई, मी कसं द्यायचं ते सांगतो. कुणाला, ते नाही."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "एवढी भट्टी बघितलासा, पिंप बघितलासा, आनि तोंड उघडणार न्हाय. मग एवढ्या लांब काय बासुंदी खायला आलासा?"

दुसरा चहा विचारला नाही. मी फळी पेटीत ठेवली आणि नृसिंहवाडीला गेलो. बासुंदी खाल्लीच, साठ रुपये वाटी, पण सांगण्यासारखी चव लागली नाही. वाडीला गेलात तर कवठाची बर्फी घ्या, आंबटगोड, आठवडाभर टिकते. घाटावर बसून दोन नद्यांचं पाणी एकत्र होताना बघितलं. मनात आलं, एक वाक्य तर बोलायचं होतं. मग दुसरं मन म्हणालं, एक वाक्य बोललास की फळीचं फळकूट झालं. भक्तनिवासात तीनशे रुपयांत झोपलो, चादर कागलपेक्षा स्वच्छ.

तिसऱ्या दिवशी जयसिंगपूर, हातकणंगले करत पेठ वडगाव. हातकणंगल्यात रेल्वे फाटकाला पंधरा मिनिटं थांबावं लागतं असं धरूनच निघा. वडगावला बाजाराचा दिवस होता. गाडी लावायला जागा नाही, म्हशींच्या मधून पेटी सांभाळत शिरलो. तिथले उमेदवार जिनपाल, अवजारं बनवतात, कुळव आणि पेरणीयंत्रं. शांत माणूस. त्यांनी स्वतःच खुंट्या हलवून बघितल्या, एक खुंटी अर्ध्या सुतानं वाकडी आहे म्हणाले. खरं होतं. मी घरी येऊन सरळ केली.

"मी येत न्हाय हे मला कळतंय," जिनपाल म्हणाले. "पण माझ्या चौदा लोकास्नी वाटतंय, नाव तर लागलं पाहिजे."

"लावू द्या की. एक नंबर तुम्हालाच देऊ द्या. पुढचे नंबर कोरे सोडू नका एवढंच."

तेवढ्यात त्यांच्या दुकानातल्या एकानं मोबाईल पुढं केला. शहरातून आलेला बापूंचा कागद होता. पहिल्या गल्लीनं एक नंबर नानांना, दुसरीनं अमोलला, तिसरीनं बापूंना. नाना म्हणजे आमच्यातले जुने फाउंड्रीवाले, अमोल सीएनसी मशीन दुरुस्त करणारा तिशीतला गडी, दोघंही बापूंच्या बाजूचे. शहराच्या सत्तर मतांचे बापूंनी तीन सारखे भाग पाडले होते. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. प्रत्येकाला तेवीस-चोवीस पडणार, बाहेरगावचा कुणीही वीसच्या वर नाही, बाहेरच्यांनी कोरं सोडलं की तिघं एकेक करून बाद, आणि तिन्ही खुर्च्या शहराच्या. नियमाला धरून. मी त्या कागदाकडं मायक्रोमीटर लावून घासलेल्या दांड्याकडं बघतात तसा बघत राहिलो. काम चोख होतं, मान्य करायलाच हवं.

"मिस्त्री, आता काय?" जिनपालनी विचारलं.

"आता काही नाही. डबा ऐका."

त्या दिवशी वडगावात मी डबा सहा वेळा वाजवला. दुपारी झुणका-भाकरी नव्वद रुपयांत, सोबत कांदा फोडून. चारला घरी पोचलो. तीन दिवसांचा एकूण खर्च, पेट्रोल, खोल्या आणि मिसळी धरून, दोन हजार नऊशे. मिसळीच जास्त झाल्या.

रविवारी शहरात मतदान, लगेच मोजणी. एकशे चोवीस सभासदांपैकी एकशेवीस आले. मुरगूडची माणसं जीप करून आली होती. आण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, "काल शिरोळची बाई येष्टीनं दुकानात आलती. दोन येष्ट्या बदलून. पिंपाचा फोटो दाखवला आनि म्हणली, मला एक नंबर नको, तुमचा तुमालाच. दोन द्या. वडगावलाबी जाऊन आली म्हणं." मग घसा खाकरून म्हणाले, "चहा पाजला तिला. तुमाला चिवडा चारलाता."

मला तेव्हा घाटावरची ती संध्याकाळ आठवली. जे वाक्य मी बोललो नव्हतो ते बोलायचा हक्क तिचा होता, आणि ती बोलून आली होती.

खऱ्या चिठ्ठ्या मी फळीवर नाही, सरांसमोर कप्प्यांत मोजल्या. पण फळी भिंतीला लावून ठेवली होती आणि प्रत्येक फेरीला चकत्या हलवत होतो, म्हणजे सगळ्यांना दिसावं. पहिली फेरी: नाना चोवीस, बापू तेवीस, अमोल तेवीस, सुरेखाताई वीस, आण्णा सोळा, जिनपाल चौदा. बापूंनी पाय लांब केले.

जिनपाल बाद. चौदातल्या पाच चिठ्ठ्यांवर पुढं काही नव्हतं. टण्, पाच वेळा. बापू हसले. पण सहा सुरेखाताईंना गेल्या, तीन आण्णांना. ताई सव्वीस, आण्णा एकोणीस. आता सगळ्यात खाली आण्णा.

आण्णांच्या एकोणीस चिठ्ठ्या मी एकेक उलगडत होतो. सुरेखाताई खुर्चीच्या कडेला बसून बोटांवर मोजत होत्या. चार कोऱ्या. तीन अमोलला, कारण तो मुरगूडच्या मशिनी दुरुस्त करायला जातो. आणि बारा सुरेखाताईंना. अडतीस.

सर म्हणाले, "एकतीस लागतात. निवडून आल्या."

शिरोळवाल्यांनी जे केलं ते लिहीत नाही, दोन खुर्च्या मोडल्या एवढंच सांगतो. मी नंतर जोडून दिल्या. पण मोजणी संपली नव्हती. ताईंच्या वरच्या सात मतांत पुढची पसंती असलेली दोनच निघाली, दोन्ही अमोलला. अमोल अठ्ठावीस, नाना चोवीस, बापू तेवीस. सगळ्यात खाली बापू, म्हणजे बापू बाद, आणि उरलेल्या दोन खुर्च्या अमोल आणि नानांच्या.

बापू फळीपाशी आले. आपली खुंटी बघितली, माझ्याकडं बघितलं.

"मिस्त्री, तुझ्या ह्या फळकुटानं घात केला माझा."

"फळीनं नाही बापू. तुमी वाटणी लय बरोबर केलासा. स्वतःला चार मतं जास्त ठेवायची होती."

"माणूस स्वतःला जास्त ठेवतोय तवाबी लोकं नावं ठेवत्यात," ते म्हणाले, आणि आधी हसू आवरलं, मग आवरेना. "आता ह्या बाईला भट्टी द्यावी लागणार तुमाला. चला, चहा माझ्याकडून. आनि चिवडा नको, मुरगूडवाल्यांनी सांगितलंय मला." पद्धत बदलायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

तीन आठवड्यांनी नव्या संचालकांनी शिरोळच्या भट्टीला मंजुरी दिली. सुरेखाताई माझ्या वर्कशॉपमधे आल्या, हातात वाडीची कवठाची बर्फी. त्या दिवशीचा राहिलेला दुसरा चहा, म्हणाल्या. मग पिशवीतून संस्थेचं पत्र काढलं. भट्टी मीच करावी, सामान संस्थेचं, मजुरी माझी.

मी चहाच्या बिलामागची आकृती काढून त्यांच्यापुढं ठेवली. तोवर ती नीट मापानं पुन्हा काढलेली होती, दार, काचलोकर, हवेची वाट, सगळं. म्हणालो, ही घ्या, मुरगूडच्या आण्णांना द्या, वेल्डिंग माझ्यापेक्षा त्यांचं सरळ येतं.

"आनि तुमी?"

"मी चिठ्ठ्या मोजल्यात ताई. मोजणाऱ्यानं ताटावर बसायचं नसतं. उद्या कुणी म्हणेल, म्हणूनच अडतीस झाली."

"कोन म्हणतंय बघतेच मी."

"कुणी म्हणायच्या आधीच नको."

त्यांनी आकृतीची घडी घालून पिशवीत टाकली. मग बर्फीचा पुडा माझ्या लेथवर ठेवला आणि गेल्या. भट्टी आता शिरोळला उभी आहे, आठ मोटरी बसतात, मी जाऊन हात लावून बघून आलो, ऊब सगळीकडं सारखी. वर सुरुवातीला दिलेल्या यादीत ती नाही. संस्थेच्या पत्रात माझ्या मजुरीचा आकडा लिहिलेला होता: पासष्ट हजार रुपये. नको म्हणालो.